शनिवारचं भाषण

रसेलदादा,

शनिवारी आपल्या रेसिंग क्लबच्या भिंतीवर तुझं नाव लागणार. चिटणीस नोलीनबाई म्हणाल्या, "ग्लेन, भावाबद्दल तूच बोल. पण रडवू नकोस हं, मटण गार होतं." मी हो म्हटलं.

विन्टनच्या शर्यतीत आपलं ठरलं होतं. तू पुढे राहून वारा कापायचा, मी तुझ्या मागे चिकटून राहायचं, म्हणजे दोघांचाही वेग वाढतो. अशा वेळी पुढचा सरळ रस्त्यावर अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलत नाही, एवढ्याच विश्वासावर मागचा जिवंत असतो. इंग्लंडच्या संघाला दोघांतला एकच भाऊ हवा होता. तू आरशात माझ्याकडे पाहिलंस आणि पाय उचललास. माझं बिनमडगार्डचं उघडं चाक तुझ्या चाकावर चढलं नि माझी गाडी उडाली. दवाखान्यात म्हणालास, "आंधळ्यासारखा घुसलास की रे."

आईला खरं कळलं होतं. "मी आहे तोवर गप्प राहा," म्हणाली. मी लंगडत दर रविवारी चर्चमध्ये गेलो, तुला क्षमा करण्याचं बळ मागितलं. देवाने ते दिलं नाही. मे महिन्यात आई गेली.

हे पत्र मी टाकणार नाही. आधी कळलं तर तू येणार नाहीस.

तुझा धाकटा भाऊ,
ग्लेन