स्वखुशीने लावलेली लेबलं

३ मार्च, सोमवार
कामात रमता का, असा सर्व्हे आला. नाव लिहायचं नाही म्हणे. म्हणजे नक्की ओळखणार. सगळीकडे 'खूप रमतो' लिहिलं, तेही डाव्या हाताने. गेल्या महिन्यात पॅकिंगमधल्या तिघांना घरी पाठवलं. मला धोका नाही. या स्पेअर पार्टच्या स्टोअरमध्ये कुठला बोल्ट कुठे आहे, ते माझ्याशिवाय ब्रह्मदेवालाही सापडायचं नाही. तरी डबा तसाच घरी नेला.

५ मार्च
एचआर मॅडमचं भाषण. जो कामात रमतो तो न सांगता इतरांना मदत करतो म्हणे. बोलताना माझ्याकडेच पाहिलं. उद्यापासून मदत सुरू.

६ मार्च
फिटरची शिडी धरली. तो दचकून पडता पडता वाचला. कॅशियरबाईंचा डबा घासून ठेवला. त्या अजून जेवल्या नव्हत्या.

१० मार्च
बायको म्हणाली, घरात स्वतःचं ताट उचलत नाही आणि जगाचे डबे घासता. तिला काय कळतंय? तिचा भाऊ नोकरी गेल्यापासून आमच्याकडेच आहे. रोज सकाळी गुळगुळीत दाढी करून सोफ्यावर बसतो. ती दाढी मला बघवत नाही.

१२ मार्च
नामी कल्पना! मी जेवायला गेलो की लोक खोळंबतात. प्रत्येक खणाला लेबल लावायचं, दाराशी नकाशा. रविवारीसुद्धा येणार. कुणी सांगितलेलं नाही. यालाच रमणं म्हणतात.

१७ मार्च
काम फत्ते. साहेबांनी पाठ थोपटली, फोटो काढला. नोकरी पक्की. घरी मेहुण्याला तासभर उपदेश केला.

१९ मार्च
फिटर आला, बोल्ट घेऊन गेला. दिवसभर मला कुणी काही विचारलं नाही. शेवटी मीच एकाला, काय हवंय, म्हटलं. मिळालं, म्हणाला. घाबरलोय. इथे लिहायला काय हरकत आहे?

२० मार्च
काल सगळे गेल्यावर चार लेबलं गुपचूप काढली. सकाळी बघतो तर फिटरने नवी लावलेली. कुणी न सांगता! मेल्याला आजच रमायचं होतं.

२१ मार्च
साहेबांनी बोलावलं. खुर्ची दिली, चहा दिला. स्टोअरची चावी यापुढे गेटवरच्या वॉचमनकडे ठेवली तर चालेल ना, असं विचारलं. चालेल की, म्हणालो. परत येताना वॉचमनला कुलूप उघडून दाखवलं. जरा अडतं ते. थोडं वर उचलून फिरवावं लागतं.