मलपृष्ठावरचे चार शब्द

तेलीबाग, लखनौ

प्रिय नंदू,

तुझ्या नव्या ऐतिहासिक कादंबरीच्या मलपृष्ठासाठी तू माझ्याकडे चार शब्द मागितलेस. ते मी लिहिणार नाही.

रहस्यकथेत खुनी आधीच कळला तरी मी रागावत नाही. हल्लीच्या कादंबरीतला नायक शंभर पानं नुसता विचार करत बसला, तरी चालवून घेते. पण नवरा लढाईत पडल्यावर सरदाराच्या बायकोनं गढी राखली असं तूच लिहितोस, आणि तीनशे पानं तिला रडवतोस!

इथल्या आमच्या वाचनगटात मी एक प्रकरण वाचून दाखवलं. हवाई दलातल्या अधिकाऱ्याची बायको दीप्ती म्हणाली, “ताई, ही तर रडतेच आहे यार! मग गढीचा कारभार कोण बघतंय?” सगळ्या हसल्या. मीही हसले आणि घरी आल्यावर मला लाज वाटली.

बाबा गेले तेव्हा तू चार वर्षांचा होतास. आई चौदाव्या दिवशी शाळेत शिकवायला उभी राहिली. तिला रडताना मी एकदाच पाहिलं, तुला गोवर झाला तेव्हा. हे तुला मी कधी सांगितलंच नाही. तुझ्या आधीच्या दोन्ही पुस्तकांना खोटंच छान म्हणाले, तोही दोष माझाच.

हे पत्र पाठवलं तर तू रुसशील आणि पुस्तक तसंच छापशील. म्हणून ते टपालात न टाकता शुक्रवारच्या गाडीचं तिकीट काढलंय; पत्र तुझ्या हातातच देईन. आईचं सगळं सांगते. मग तू त्या बाईला नव्यानं लिही. तोवर मी तुझ्या घरून हलणार नाही.

तुझी,
विजूताई