मंगलाष्टकांचा काळा पट्टा

तीर्थरूप माणिकआत्याला,

बाळचा, कंबर वाकेल तितका वाकून नमस्कार. इकडे मुलुंडला सगळे ठीक. तुझे गुडघे कसे आहेत? (वाईटच असणार. त्यांच्यापायी तू नातीच्या, म्हणजे आमच्या गंधालीच्या, रविवारच्या लग्नाला येत नाहीस, असं सांगणारं तुझं पत्र तुझ्या सूनबाईने, शर्मिष्ठेने, मला तीनदा वाचून दाखवलं.) सोबत तू रचलेली मंगलाष्टकं मिळाली. त्यात व्याह्यांच्या धाकट्या जावयाचंसुद्धा नाव बसवलंस, कमाल आहे. खाली ‘कुणीही म्हणा’ असं लिहिलंस, ते मात्र मला लागलं. असो. त्या अष्टकांचं काय झालं हे सांगायला पत्र लिहितोय, पण आधी यंत्राबद्दल ऐकावं लागेल.

आमच्या चिरंजीवांनी, केयूरने, अहेराच्या पाकिटांवर नावं चिकटवायला एक छपाईयंत्र आणलंय. साबणाच्या वडीएवढं, पवईहून खिशात घालून आणलं. अष्टकं त्यावर छापून म्हणणाऱ्यांच्या हाती द्यावीत असं मी ठरवलं. फोनवर टाइप केली, बटण दाबलं, आणि जिभेसारखी कागदाची पट्टी सुळकन बाहेर. आता यात शाई कुठे भरतात म्हणून मी चार स्क्रू काढले. (केयूर ऑफिसात होता.) आत्या, आत शाई नाहीच! एक बॅटरी, अंगठ्याएवढी मोटर, प्लॅस्टिकची दातेरी चाकं, एक रबरी रूळ आणि त्याला चिकटून एक पांढरी पट्टी. त्या दोन बोटांच्या पट्टीवर तीनशे चौऱ्याऐंशी ठिपके आहेत, आणि प्रत्येक ठिपका म्हणजे एक चिमुकली शेगडी. रूळ कागद केसभर पुढे सरकवतो, जिथे काळं हवं तिथल्याच शेगड्या पापणी लवायच्या आत तापून विझतात, पुन्हा केसभर पुढे. सगळ्या एकदम पेटल्या तर बॅटरी मान टाकेल, म्हणून गटागटाने पेटतात. शाई म्हणशील तर ती कागदाच्याच अंगात, रंग नसलेली. ऊब लागली की काळी होते. नखाने जोरात ओरखडा काढलास तरी रेघ उमटते. मी इतका खूश झालो की वॉचमनलाही खाली जाऊन रेघ काढून दाखवली.

मग वाटलं, मांडवात पट्टीवर सरबत सांडलं तर? म्हणून लॅमिनेशन करायला कुंडलिकच्या झेरॉक्सच्या दुकानात गेलो. तो म्हणाला, “काका, हा बिलाचा कागद ना? मशीन गरम असतं हां, वाट लागेल.” आता मला गरम म्हणजे काय ते हा शिकवणार? मी रांगेतल्या पाच जणांसमोर त्याला शेगड्या, रूळ, अंगातली शाई, सगळं दहा मिनिटं समजावलं, आणि समजावता समजावता पट्टी स्वतःच त्याच्या मशीनमध्ये सरकवली. पलीकडून चकचकीत, कडक आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत काळीकुट्ट बाहेर आली. कुंडलिक सज्जन, त्याने पट्टी पुसून माझ्या हातात ठेवली. रांगेतली एक बाई मात्र म्हणाली, “छान समजावलंत हो.”

फोनमध्ये ‘सेव्ह’ करायचं असतं हे मला नंतर कळलं. आणि तुझा हाताने लिहिलेला कागद छापल्याच्या आनंदात मी कुठे ठेवला, तो सापडत नाही. घर पालथं घातलं. रविवार चार दिवसांवर आलाय आणि घरात अष्टकं नाहीत.

तुझा,
बाळ

ता.क. – नव्याने लिहून पाठवलीस तर पोस्टाने वेळेत पोहोचणार नाहीत. फोनवर सांगशील, तर माझे कान तुला ठाऊक आहेत. तेव्हा तूच ये. हॉल तळमजल्यावर आहे, एकही पायरी नाही, मी स्वतः बघून आलो. शुक्रवारी सकाळी केयूर गाडी घेऊन दारात येईल. हे पत्रही त्याच्याच एका मित्राच्या हाती चिपळूणला पाठवतोय.

ता.क. २ – आत्या, तुझ्याशी खोटं बोलणं मला लहानपणापासून जमलेलं नाही. पट्टी खरोखरच काळी झाली, पण तुझा कागद कपाटात शर्मिष्ठेच्या शालूखाली सुखरूप आहे. काल मीच ती अष्टकं मोठ्याने म्हणून बघितली. पहिल्या कडव्यालाच गंधाली उठून आत गेली. मला वाटलं हसायला गेली असेल. पाहिलं तर रडत होती. म्हणाली, बाबा, आजी नसेल तर अष्टकं नकोच. गाडी शुक्रवारीच येईल.