शांताबाईची सही

४ ऑगस्ट, उंद्री
मोहनचा पुण्याहून फोन. गावचाच पोरगा, आपला वर्ग त्याच्या पैशावर चालतो. खोलीचं भाडं, पाट्या, वह्या, सगळं. म्हणाला, "काकू, यंदा दहावीला बसणाऱ्यांनाच शिकवा. ऑफिसातले मित्रही पैसे घालतात, त्यांना निकाल दाखवावा लागतो."
शाळा सुटलेल्या चार पोरी आहेत. बाहेरून परीक्षा देतील, फी तोच भरेल. पण अक्षरं गिरवणाऱ्या मोठ्या बाया?
"त्यांना आता काय उपयोग, काकू?"

५ ऑग.
हो म्हणून टाकलं. माझ्या पेन्शनीत ह्यांची औषधंच कशीबशी...

७ ऑग.
बायांना सांगितलं. शांताबाईच बोलली. साठी उलटलेली, घरोघरी फिरून बाया हिनंच आणल्या होत्या. त्या चार पोरीही.
"मंग आम्हाले काऊन बसवलं होतं, बाई?"
मी हजेरीवही मिटली. तीच म्हणाली, "जाऊ द्या. पोरीयले शिकवा. त्यायचं आयुष्य पडलं हाय."
पाटी पदरानं पुसून टेबलावर ठेवली. वाकून माझ्या पाया पडली. नको होतं ते.

१९ ऑग.
मनीषाला बीजगणित जमायला लागलं. चौघीत हुशार. आनंद व्हायला हवा होता.

२३ ऑग.
बँकेत शांताबाई. निराधारचे पैसे काढायला. कारकुनानं स्लिप सरकवली, हिनं अंगठा पुढे केला. गेल्या दिवाळीत पहिली सही केली तेव्हा याच बँकेत पेढे वाटले होते हिनं.
मी विचारलं, "सही येते न तुम्हाले?"
"येते न."
"मंग?"
"अक्षर चुकलं तं कोणाले इचारू आता?"
शाई लुगड्याला पुसत गेली. मी कशाला आले होते तेच विसरले.

२४ ऑग.
मोहनला सांगितलं, बाया परत बसतील, नाहीतर तुझे पैसे नकोत. चिडला नाही. "मग पोरींचे फॉर्म, काकू?" एवढंच. मित्रांशी बोलतो म्हणाला.

२७ ऑग.
त्याचा फोन नाही. फॉर्मची मुदत परवा संपते. शांताबाईकडे गेले, या म्हटलं. मुगाच्या शेंगा सोलत होती. मान वर केली नाही. "पोरीयचं नुकसान करून येऊ काय मी?"
परत आले तर वर्गाच्या दाराशी मनीषा. हातात फोटो, शाळेचा दाखला.
"बाई, फॉर्म भरला जाईन न?"
हो म्हणाले. तिनं दाखला माझ्या हातात दिला.