साडूचा समुद्र आणि आमचं बेट

२१ मार्च २०२१, रविवार. सकाळी ७.१०

साडू मालदीवला गेला. स्टेटसवरून कळलं. म्हणजे सांगून गेला नाही.

साडू म्हणजे संदेश. राजेश्वरीच्या धाकट्या बहिणीचा, प्रतीक्षाचा नवरा. सुदुंबऱ्याचा. दोन वर्षांपूर्वी लोणावळ्याला आला होता तेव्हा आमच्या हॉटेलात मीच त्याला व्हॅली-फेसिंग रूम दिली होती. आज त्याची रूम भर समुद्रात खांबांवर उभी आहे. जमिनीला काच. काचेखालून मासे जातात.

मला हेवा वाटत नाही. सतरा वर्षं फ्रंट ऑफिसला काढली आहेत. लोकांच्या सुट्ट्या रोज बघतो. पण सगळं जग मास्क लावून घरात आणि हा चड्डीवर. जबाबदारी म्हणून काही असते.

स्टेटस सहा वेळा पाहिलं. मग लक्षात आलं की कुणी पाहिलं ते त्याला दिसतं. पुढचं लेकीच्या, पिंकीच्या फोनवरून पाहिलं.

२२ मार्च, सोमवार

आज फ्लोटिंग ब्रेकफास्ट. ताट पाण्यावर तरंगतं आणि माणूस कंबरभर पाण्यात उभा राहून खातो. राजेश्वरी बघतच राहिली. मी म्हटलं, त्यात काय विशेष? दोन वर्षांपूर्वी आमच्या तळघरात पाणी शिरलं तेव्हा इडलीची भांडी तरंगलीच होती. आम्ही फोटो टाकत बसलो नाही.

ती पोळ्या लाटायला गेली. पोळ्या झाल्यावर म्हणाली, लग्न झालं तेव्हा तुम्ही मला बेटावर नेणार होतात.

मला आठवत नाही. तिला मात्र तारीख, वार, तेव्हा नेसलेली साडी, सगळं आठवतं.

संकल्प: २५ एप्रिलला लग्नाला वीस वर्षं होतात. त्या दिवशी राजेश्वरी बेटावर असेल. संदेशशी याचा काही संबंध नाही.

संध्या. ६.०० फॅमिली ग्रुपवर टाकलं: ‘आम्हीही २५ एप्रिलला बेटावर. डिटेल्स लवकरच.’

६.०२ संदेशचा अंगठा. नुसता अंगठा. शब्द एक नाही.

२९ मार्च, धूलिवंदन

तयारी. हॉटेल चालू आहे, पण गिऱ्हाईक नाही. लॉस्ट अँड फाउंडचं कपाट उघडलं. गेस्टच्या विसरलेल्या वस्तू सहा महिने सांभाळायच्या, मग विल्हेवाट लावायची असा नियम आहे. विल्हेवाट लावली. मिळालं ते असं: गवती हॅट, पोपटांचा शर्ट (डबल एक्सएल), पोहण्याचा चष्मा, बदकाच्या पायासारखं रबरी पाऊल. एकच. डाव्या पायाचं.

दुपारी गच्चीवर पाऊण तास उन्हात पडलो. नाकाचं साल निघालं. राजेश्वरी म्हणाली, अहो, बेटावर जाऊन काळं व्हायचं असतं, आधी होऊन नाही जायचं.

८ एप्रिल, गुरुवार

पासपोर्ट सापडला. राजेश्वरीच्या साड्यांखाली होता. २०१७ सालीच संपला आहे. आत एक शिक्का नाही. घरात बोललेलो नाही.

मालदीव तसंही फार कॉमन झालंय. अंदमान बरं. आपला देश, आपली बेटं. ग्रुपवर याविषयी चार ओळी लिहिल्या. सासऱ्यांनी झेंडा टाकला.

संदेश परत येऊन दहा दिवस झाले, पण स्टेटसवरचा समुद्र काही आटत नाही. आज ‘मिसिंग’ असं लिहून नुसते पाय टाकले आहेत. वाळूत. पाय काय मिस करायचे? बरोबरच आणले असतील ना घरी?

१७ एप्रिल, शनिवार

स्वॅब दिला. विमानाला निगेटिव्ह रिपोर्ट लागतो, म्हटलं तयारी असावी. काडी नाकातून थेट मेंदूत घातली. डोळ्यांतून पाणी आलं. मागच्या माणसाने विचारलं, घरात कोण सिरियस आहे का? मी म्हटलं, अंदमानला चाललोय. तो रांगेत दोन पावलं मागे सरकला.

२१ एप्रिल, बुधवार

रिपोर्ट निगेटिव्ह आला होता. बहात्तर तासांची मुदत काल संपली. या मुदतीत झालेला प्रवास: बाजारापर्यंत. कोथिंबीर आणि लिंबं.

२३ एप्रिल, शुक्रवार

आता जिल्ह्याबाहेर जायला पोलिसांचा ई-पास. विमानाचं नंतर बघू, आधी पास. कारणांत सहल हा पर्याय नाही. मृत्यू आहे, आजार आहे, लग्न आहे. लग्न निवडलं. वधूचं नाव राजेश्वरी. सोबत पत्रिका जोडायची होती. जोडली. खोटं काही केलं नाही, आमचीच होती.

संध्या. ५.३० नामंजूर. पत्रिकेवरचं साल कुणीतरी वाचलं.

पिंकीने हे तिच्या आईला सांगितलं. राजेश्वरी म्हणाली, राहू द्या हो, मी काही बेटासाठी अडून बसले नाही. असं म्हणून कपाटात खूप वेळ काहीतरी आवरत होती.

२४ एप्रिल, शनिवार. सकाळी ७.३०

मार्ग निघाला! भाजे गावचा हनुमंत हॉटेलला दूध घालायचा, सध्या आमच्या घरी घालतो. सहज विचारलं, तुमच्या बाजूला, पवनेच्या धरणात वगैरे, कुणाचं बेट आहे का? हनुमंत म्हणाला, धरनात कशाला, आमचं सोताचं बेट हाय की सायेब.

मी चाट पडलो. सहा वर्षं हा माणूस आमच्या मागच्या दाराने येतो आणि बोलला नाही. हनुमंत म्हणाला, त्यात सांगायचं काय? आज्याच्या टायमाचं हाय. लय मोठं हुतं, मागल्या साली निम्मं तोडून इकलं मांडववाल्याला.

प्लॉटिंग पाडलं असणार. मांडववाल्यांकडे अलीकडे बराच पैसा आला आहे.

पाणी विचारलं. म्हणाला, कडंनंच वढा जातोय. आणि गर्दी? म्हणाला, तितं कोन येतंय मरायला? आत शिरलं का ऊन म्हून लागत न्हाई. उद्या या वैनींना घिऊन, जेवायलाच या.

प्रायव्हेट आयलंड. शेडेड. मील्स इन्क्लुडेड. पास लागत नाही, जिल्हा तोच.

ग्रुपवर: ‘उद्या. प्रायव्हेट बेट. लोकेशन गुप्त.’ संदेशने विचारलं, कुठलं बेट साडूभाऊ? उत्तर दिलं नाही. आज मला झोप चांगली लागेल. त्याला लागणार नाही.

२५ एप्रिल, रविवार. सकाळी ८.००

हॅट, शर्ट, चष्मा घेतला. रबरी पाऊलही घेतलं. राजेश्वरीने निळी साडी नेसली. वीस वर्षांपूर्वीची तीच, म्हणाली.

८.४० कार्ल्याला नाकाबंदी. हवालदाराने विचारलं, कुठं? मी म्हटलं, आयलंडला. त्याने शर्टावरचे पोपट पाहिले आणि कपाळाला थर्मामीटर लावला. राजेश्वरी मागून म्हणाली, भाज्याला चाललोय दादा, तांदूळ आणायला. तिने पिशवी आणली होती. तिने पिशवी का आणली होती?

१०.०० लिहायला शब्द नाहीत, तरी लिहितो. हनुमंतच्या घरामागे बांबूचं बेट आहे. बांबूचं. चाळीस-पन्नास कळक एका ठिकाणी उगवले की त्यालाही बेटच म्हणतात. हे मला माहीत होतं. कालपर्यंतही माहीत होतं. मांडववाल्याने बांबू नेले.

ओढाही दाखवला. दगड आहेत. हनुमंत म्हणाला, पानी जूनमदी येतं.

मी हॅट काढली. भामाबाई, म्हणजे हनुमंतची बायको, पिंकीला हळूच विचारत होती, तुजं पप्पा नाटकात काम करत्यात का गं?

राजेश्वरी आधी नुसती बांबूंकडे बघत होती. मग तिला कळलं. ती खाली गोणपाटावर बसली आणि हसत सुटली. पदर डोळ्यांना लावून हसत होती. मी वीस वर्षांत तिला इतकं हसताना पाहिलेलं नाही. माझ्या मते उन्हाचा परिणाम.

दुपारी १.३० फोटोचे प्रयत्न. बांबूच्या फटीतून आभाळ घेतलं तर समुद्रासारखं दिसतं. ग्रुपवर टाकला.

१.३४ संदेश: ‘मस्त! पण साडूभाऊ, समुद्रात म्हैस आहे.’

डिलीट केला. त्याने तोवर सेव्ह केला होता.

४.०० भामाबाईंनी इंद्रायणी भात आणि आमटी वाढली. राजेश्वरी दोनदा घेऊन जेवली, मग बाजेवर पडून झोपली. उठल्यावर म्हणाली, किती वर्षांनी कुणीतरी मला गरम वाढलं. मी तेव्हा रेंज शोधत होतो.

२६ एप्रिल, सोमवार

पिंकीने आईचा हसतानाचा फोटो स्टेटसला ठेवला. खाली ‘आई, बेटावर’. माझ्या फोटोला कुणी विचारलं नव्हतं, याला सकाळपासून फोन. ही जागा कुठंय?

मालदीवने भारतीयांना बंदी केली म्हणे. संदेशला त्याचं काय, तो जाऊन आला.

१३ जून, रविवार

निर्बंध थोडे सैल झाल्यावर संदेश आणि प्रतीक्षा भाज्याला बेट बघायला गेले. मला न विचारता. बेट मी शोधलं होतं.

प्रतीक्षा राजेश्वरीला म्हणाली, ताई, तू नशीबवान. आम्ही तिकडे आठ दिवस फोटोच काढत होतो. राजेश्वरीने हे मला भाजी निवडताना सांगितलं. मी पुन्हा सांगायला लावलं. तीनदा. बरं वाटलं.

१४ जून, सोमवार

बरं वाटणं मागे घेतो. संदेश आणि हनुमंतने भागीदारीत काहीतरी ठरवलं. बांबूखाली बाजा, झोळ्या, चुलीवरचं जेवण. नाव: ‘बेट’. सतरा वर्षं हॉटेल लाइनमध्ये मी, आणि सुचलं साडूला. हनुमंत दुधाचं माप ओतताना म्हणाला, तुमचं साडू लय हुशार हायेत. मी सांगितलं, उद्यापासून अर्धा लिटरच घाल.

२ सप्टेंबर, गुरुवार

आमच्या हॉटेलने निम्मा स्टाफ कमी केला. मी त्या निम्म्यात. मालक म्हणाले, तुम्हाला कुठेही मिळेल.

संकल्प: कुठेही चालेल, साडूकडे नाही.

५ सप्टेंबर, रविवार

संदेश स्वतः आला. म्हणाला, साडूभाऊ, बेटाला अनुभवी माणूस हवा. विचार करून सांगतो, असं म्हणायला तोंड उघडलं होतं. राजेश्वरी आतून म्हणाली, कधीपासून यायचं?

२४ ऑक्टोबर, रविवार. सकाळी ९.१५

‘बेट’ फुल्ल. लोक फोन करतात, बोट कुठून मिळते? उत्तर देणं माझं काम. पोपटांचा शर्ट हा आता युनिफॉर्म आहे. संदेशनेच ठरवला.

आज घरचीच मंडळी आली आहेत. ओढ्याला भरपूर पाणी. संदेशने फ्लोटिंग ब्रेकफास्ट सुरू केला आहे. समुद्रात ताट जागच्या जागी राहतं, ओढ्यात राहत नाही. म्हणून पोह्यांच्या परातीला सुतळी बांधायची आणि दुसरं टोक कुणीतरी काठावर धरायचं. ते मी धरलं आहे. दुसऱ्या हाताने लिहितो आहे.

राजेश्वरी, प्रतीक्षा आणि संदेश पाण्यात बसले आहेत. राजेश्वरी हसते आहे. बेटावर नेईन म्हटलं होतं, नेलं. हा मुद्दा कुणाच्याच लक्षात येत नाही.

९.४० आत्ता संदेश ओरडला, साडूभाऊ, ओढा! मी म्हटलं, हो, छानच आहे, फक्त बारमाही नाही. पाणी दाखवायला दोन्ही हात वर केले. त्याला सुतळी ओढायला सांगायचं होतं, हे मला कळेपर्यंत परात वळणापलीकडे गेली होती.

हनुमंत म्हणाला, आता कुटली गावतीय? हा ओढा इंद्रायणीला मिळतो. इंद्रायणी भीमेला, भीमा कृष्णेला, कृष्णा समुद्राला. म्हणजे आमच्या घरातलं समुद्रावर जाणारं पहिलं कोण, तर पोहे.

मला हेवा वाटत नाही.