सहाव्या सामन्यातली हाक

प्रिय वेंडेल,

फोन केला असता तर तू दोन मिनिटांत काहीतरी थट्टा करून विषय बदलला असतास, म्हणून लिहितोय. तू धान्याच्या कोठारावर काम करतोस आणि शाळेतल्या पोरांना संध्याकाळी खेळ शिकवतोस, एवढं कानावर आलं. तुझे वडील बरे आहेत ना?

इकडचं सांगायचं तर खांदा आता नव्वद टक्के चालतो. मागच्या वर्षी शस्त्रक्रिया झाली, सात महिने गेले. यंदा मी आपल्या कॉलेजच्या फुटबॉल संघाचा कर्णधार आहे. व्यावसायिक संघांची माणसं येतात, माझ्या हातांची लांबी मोजतात, गुडघे वाकवून बघतात. परवा एकाने माझे दातही बघितले. आई म्हणाली, "घोडा घ्यायला आलेत की काय?"

ही माणसं आली की मला मिसिसिपीतलं आमचं स्वयंपाकघर आठवतं. शाळेचं शेवटचं वर्ष होतं. कॉलेजांसाठी खेळाडू हेरणाऱ्यांनी मला सगळ्यात वरचे, पाच तारे दिले होते आणि एकतीस कॉलेजं मागे लागली होती. आई मासे साफ करायच्या कारखान्यातून दमून यायची आणि टेबलाशी कुठला तरी कोच बसलेला असायचा. एकाने तर शाळेच्या मैदानावर हेलिकॉप्टर उतरवलं. आईच्या हातच्या मक्याच्या पावाची त्याने तीनदा स्तुती केली. तो पाव दुकानातून आणलेला होता. मी सतरा वर्षांचा होतो आणि मोठाली माणसं माझ्या विनोदांना हसत होती. कोच ब्रॅडॉक मात्र जेवले, ताट स्वतः विसळलं आणि म्हणाले, "जागा मिळेल असं वचन देत नाही. तिथे एक जण आधीच आहे." मला वाटलं, दोन आठवड्यांत हटवू त्याला. म्हणून तर मी इथे आलो.

तो एक जण म्हणजे तू. मी संघाच्या खोलीत शिरलो तेव्हा तू गुडघ्यावर बर्फ बांधत होतास. वर न बघता म्हणालास, "या, पंचतारांकित साहेब. गरम पाणी डावीकडे, नाश्ता आपला आपण आणायचा." तुला एकाही कॉलेजने बोलावलं नव्हतं. स्वतःची फी भरून आलास, तीन वर्षं सरावात मार खाल्लास आणि चौथ्या वर्षी कुठे बचावफळीत जागा मिळाली. हे मला दुसऱ्यांकडून कळलं. सरावाच्या पहिल्या दिवशी तुझ्यासमोर उभा राहिलो, तू मला ढकलून सरळ पाठीवर पाडलंस आणि हात देऊन उठवत म्हणालास, "ताकद भरपूर आहे रे, पण पाय झोपलेत तुझे." त्या दिवसापासून रोज अर्धा तास तू माझे पाय जागे करत बसलास. तुझी जागा घ्यायला आलेल्या माणसाचे.

आता त्या सहाव्या सामन्याचं. आपण चार गुणांनी पुढे होतो, मिनिटभर उरलं होतं. समोरच्या संघाच्या चेंडू फेकणाऱ्याला पाडणं हेच माझं काम, पण पहिल्या पाच सामन्यांत मला ते एकदाही जमलं नव्हतं आणि आमच्या गावचा पेपर दर रविवारी आईला त्याबद्दल विचारत होता. त्या एका डावासाठी कोचनी आपल्या दोघांना शेजारी उभं केलं होतं. तू समोरच्यांची मांडणी बघितलीस आणि ओरडलास, "उलट." म्हणजे मी आतली फट धरायची, तू बाहेरून जायचं. मी बाहेरून गेलो. चेंडू फेकणारा मला मोकळा दिसत होता, एवढंच कारण. आपण दोघंही बाहेर आणि त्यांचा धावणारा चेंडू घेऊन मधल्या रिकाम्या फटीतून सरळ शेवटच्या रेषेपार, सहा गुण. हरलो.

सोमवारी कोचनी चित्रफीत थांबवून विचारलं, "फट कोणाची होती?" मी तोंड उघडायच्या आत तू म्हणालास, "माझी चूक, कोच. हाक द्यायलाच विसरलो." मी बुटांकडे बघत बसलो. मंगळवारी यादी लागली तेव्हा तुझ्या जागी माझं नाव होतं.

पुढचा सामना तुझ्या गावापासून वीस मैलांवर होता. तुझ्या वडिलांनी बस ठरवून चाळीस माणसं आणली होती, सगळ्यांच्या अंगावर तुझ्या नंबरचे सदरे. मी त्या दिवशी चेंडू फेकणाऱ्याला दोनदा पाडलं. टीव्हीवर माझं नाव घेतलं गेलं. तू कडेला टॉवेल घेऊन उभा होतास आणि मी बाहेर आलो की मला पाणी देत होतास. ती माणसं शेवटपर्यंत बसून होती. तुझ्या वडिलांनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती. एवढ्या गर्दीत मला नेमकं तेवढंच दिसत राहिलं. सोमवारी सराव संपल्यावर तू नेहमीसारखा थांबलास आणि म्हणालास, "डावा पाय अजून झोपतोय."

तिथून माझं सगळं सुरू झालं. बक्षिसं, फोटो, नाव.

गेल्या गुरुवारी मी कोच ब्रॅडॉककडे गेलो. यंदा ते निवृत्त होताहेत. सँडविच खात होते. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "माहीत आहे. हाक आली तेव्हा तुझं डोकं वळलेलं फितीत दिसतं." मी विचारलं, मग त्याला का काढलंत? म्हणाले, "तू जास्त चांगला होतास. पंधरा दिवसांनी बदल करणारच होतो. त्याने माझं काम सोपं केलं." खोटं बोलले नाहीत ते. पण त्या पंधरा दिवसांत ती बस होती, वेंडेल. मला त्यांचा राग आला, मग लक्षात आलं की त्यांना माहीत होतं, पण निदान त्यांना कुणी विचारलं नव्हतं. मला तर खरं सांगायची रोज संधी होती.

येत्या महिन्यात अठ्ठावीस तारखेला घरच्या मैदानावरचा माझा शेवटचा सामना आहे. त्या दिवशी कॉलेज संपवून जाणारा प्रत्येक खेळाडू आपल्या दोन माणसांना घेऊन मैदानात चालत जातो. एका बाजूला आई असेल. दुसऱ्या बाजूला तुझं नाव दिलंय, न विचारता. वाटलं तर नाही म्हण, मी समजून घेईन. पण तू आला नाहीस तरी वडिलांना पाठव. सोबत त्यांचंही तिकीट ठेवलंय. त्यांच्या मुलाने त्या दिवशी हाक दिली होती आणि ती मला स्वच्छ ऐकू आली होती, हे मला त्यांना समोर बसून सांगायचंय.

तुझाच,
टेव्हियन