मागच्या खोलीची कडी

शनिवार, ४ जानेवारी २०२५

शेवटी घर ठरलं, आणि आज आम्ही येऊन राहिलोसुद्धा! तीन घरं बघून झाली होती. मुळशीच्या बंगल्यात पोहायचा तलाव होता आणि शेजारी सकाळी अकरापासून डीजे. शांततेसाठी येणाऱ्यांची उत्तम सोय. पानशेतजवळचं घर मला मनापासून आवडलं, पण तिथे फोन लागत नाही. तात्यांना घरी ठेवून आल्यावर फोन लागायलाच हवा. तिसरं हे. मांजरी गाव मागे पडलं की नव्या इमारती संपतात, ऊस सुरू होतो आणि उसातून दहा मिनिटं कच्चा रस्ता. बैठं कौलारू घर, पुढे ओटा, दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि मागे एक बंद खोली. मालक इंद्रजीत शहरात राहतो. मागच्या खोलीला बाहेरून एवढी जाड कडी कशाला, असं मी विचारलं. अडगळ आहे, म्हणाला. मार्चपर्यंतचे सगळे शनिवार-रविवार आम्ही घेऊन टाकले.

तात्या म्हणजे माझे सासरे, श्यामचे वडील, तात्याराव. कसब्यात पन्नास वर्षं तांब्याची भांडी घडवली, त्यात कान गेले. दोन वर्षांपासून आठवणही जाते आहे. ताकद मात्र तांबटाचीच. बसल्या जागी बोटांनी ठोके देत राहतात, दार उघडं दिसलं की चालू पडतात, आणि अडवलं की मला अशा शिव्या देतात की खालचा इस्त्रीवालासुद्धा मान खाली घालतो. वर्षभरात मी सलग तासभर बसलेले नाही. या दोन दिवसांसाठी त्यांच्याजवळ आनंदीबाईंना ठेवलंय. तात्यांना सांगितलं, माझ्या बहिणीकडे चाललोय. त्यांना कळलं नसणारच. तरी बोलताना मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

संध्याकाळी ओट्यावर चहा घेतला. श्याम कितीतरी महिन्यांनी हसला.

रविवार, ५ जानेवारी

नऊपर्यंत झोपले! दुपारी मागच्या खोलीतून आवाज आला, फरशीवर वाटी घासावी तसा. उंदीर असतील म्हणून कडी काढून पाहिलं. अडगळ कसली, एक बाज आणि वर हातभर खिडकी, बास. दाराजवळची फरशी मात्र एका जागी घासून गुळगुळीत झालेली.

शेजारच्या रानात बजरंग म्हणून एक वयस्क गृहस्थ पाणी धरत होते. त्यांना विचारलं, तर आधी त्यांनी हातातलं फावडं खाली ठेवलं. मग म्हणाले, इंद्रजीतची आजी सोजरबाई त्या खोलीत असायची. भ्रमिष्ट झालेली. उसात निघून जायची म्हणून कडी लावत. एकदा सगळे लग्नाला गेले, तीन दिवस.

“कुनी मारली न्हाई वो ताई,” बजरंग म्हणाले. “पानी ठिवायचं ऱ्हायलं.”

कसली माणसं असतात! असं इथे लिहिलं आणि थांबले. रोज आंघोळीला जाताना मीही तात्यांच्या खोलीला कडी लावते. पंधरा-वीस मिनिटं. पाणी ठेवते मी.

शनिवार, ११ जानेवारी

आनंदीबाईंच्या भाचीचा साखरपुडा, त्यामुळे तात्यांना घेऊनच यावं लागलं. श्याम म्हणाला, राहू दे या वेळी. मीच हट्ट केला. आठवडाभर मी या ओट्याच्या आशेवर काढला होता.

आल्या आल्या तात्या सरळ मागच्या खोलीच्या दारापाशी जाऊन उभे राहिले. मोठमोठ्याने काहीतरी विचारत, मग थांबत, मान हलवत, पुन्हा बोलत. समोरून उत्तर येतंय असं. श्यामला हसू आलं. मला नाही आलं. शेजारी उभं राहून ओरडलं तरी ज्यांना ऐकू येत नाही, ते बंद दाराला कान न लावता कुणाचं ऐकत होते?

रविवार, १२ जानेवारी

खरं लिहायचं तर आजच लिहायला हवं.

सकाळपासून तात्या दोनदा उसात शिरले. दुसऱ्यांदा बजरंगनी धरून आणलं, पानांनी गाल कापलेला. श्याम भाजी आणायला मांजरीला गेला. मला डोक्यावरून पाणी घ्यायचं होतं. मी तात्यांना हाताला धरून मागच्या खोलीत नेलं, बाजेवर बसवलं आणि कडी लावली.

आंघोळ पंधरा मिनिटांत झाली. त्यानंतर मी केस वाळवत ओट्यावर बसले. आतून ठोके ऐकू येत होते, तांब्यावर हातोडी पडावी तसे, एका लयीत. मग थांबले. बरं वाटलं. ही ओळ खोडावीशी वाटते, पण बरं वाटलं. उठले तेव्हा तीन तास झाले होते. पाणी ठेवलं नव्हतं.

दार उघडलं तर तात्या बाजेवर अंग चोरून बसलेले, पंचा डोक्यावरून पुढे ओढलेला.

“पानी दे, बाय,” हळूच म्हणाले.

अख्खा तांब्या एका दमात प्यायले. गालावर ओरखडा नव्हता.

निघताना ते निमूट गाडीत बसले. मी फाटक लावत होते आणि घराच्या मागून ठोके आले. तीच लय. श्यामने माझ्याकडे पाहिलं. बोअरचा पंप असेल, मी म्हटलं. हो, पंपच, तो म्हणाला.

सोमवार, १३ जानेवारी

स्वतःच्या हाताने जेवले. शिवी नाही, दाराकडे बघणं नाही. भाकरी मागितली, तात्यांना भाकरी कधीच आवडली नाही.

स्वयंपाकघरात मी स्वतःशीच पुटपुटले, चहा टाकावा का.

बाहेरच्या खोलीतून उत्तर आलं, “टाक की.”

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. दोन वर्षांत पहिल्यांदा घरी माणसं बोलावली. ते खुर्चीत शांत बसून सगळ्यांच्या हातावर तिळगूळ ठेवत होते. चुलतसासूबाई प्रेमलाताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. तात्यांना किती छान सांभाळलंस गं, म्हणाल्या. सगळ्यांनी माझं कौतुक केलं. मी वाकून नमस्कार केला आणि ते घेतलं.

बोटं मांडीवर पडलेली असतात. एकदाही ठोका नाही.

आज तिसरा दिवस आहे, हे मला माहीत होतं. तिळगूळ वाटताना माहीत होतं. रात्री छान झोप लागेल, हेही —

बुधवार, १५ जानेवारी

सकाळी श्यामला सांगितलं. आपण त्यांना तिथेच ठेवून आलोय. हे ते नाहीत.

तो बुटाची नाडी बांधत होता. वर पाहिलं नाही.

“मला रविवारीच कळलं,” म्हणाला. “वीज गेलेली होती. पंप कसला चालतोय.”

मग डबा घेऊन दुकानात गेला.

म्हणजे आम्ही दोघंही — तीन दिवस एकाच ताटातून भाजी घेत होतो, दोघांनाही —

ते आतून सगळं ऐकत होते. आत गेले तर हसून म्हणाले, जाऊ नको, बाय. ऱ्हावू दे त्याला. सवय हुईल.

गुरुवार, १६ जानेवारी

बसने मांजरी, पुढे रिक्षा, मग चालत. पावणेबारा. पाण्याच्या दोन बाटल्या आणल्यात. मागच्या खोलीच्या दारासमोर फरशीवर बसलेय. हात कडीपर्यंत जात नाही म्हणून लिहितेय.

पाण्याशिवाय चार दिवस. कुणी जगत नाही. उघडलं तर काय —

आत आवाज आला. तात्यांचाच, मोठा, बहिऱ्या माणसाचा.

“शर्मिला, श्याम जेवला का गं?”

वर्षभरात माझं नाव घेतलं नव्हतं त्यांनी. त्याचंही.

फोन. श्याम. आनंदीबाई घरी त्यांच्याजवळ बसल्यात, दोघं गप्पा मारताहेत, म्हणाला. उघडू नकोस. आत ते कशा अवस्थेत असतील — आणि मग घरचं काय होईल, सांगता येत नाही. परत ये. घरी सगळं ठीक आहे, शर्मिला.

मी हो म्हटलं.

त्यांच्या दाराशी बसून, हळू आवाजात, हो म्हटलं. त्यांना ऐकू येत नाही हे किती बरं, असंही मनात —

आतून बाज करकरली. दाराच्या अगदी जवळून, हळूच —

बरं पोरी, जा तू. तेवढं पाणी ठेव.